पडण्याचा आवाज

ईरा पडली की मला बरं वाटतं.

ऐकायला वाईट वाटतंय ना? वाटू दे. सून पडली म्हणून सुखावणारी मी काही मालिकेतली सासू नाही. ती पडते ती आमच्या गच्चीवर, जुन्या कापसाच्या गाद्यांच्या ढिगावर. आणि पडली याचा अर्थ एवढाच, की आजही जमलं नाही. जमलं नाही म्हणजे तिकीट नाही. तिकीट नाही म्हणजे ती संध्याकाळी बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून ट्रॅफिकला शिव्या घालत घरी येणार, माझ्या हातची पोळी खाणार आणि आपल्या खोलीत झोपणार. मला ती जिवंत हवी आहे आणि इथे हवी आहे. दुसरं काही मी कोणाकडे मागत नाही. देवाकडे तर नाहीच, त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे.

रोज सकाळी मी कणीक मळत असते तेव्हा वरून आवाज येतो. धप्प. लगेच बाहेरच्या खोलीतून रत्नाकर, म्हणजे आमचे हे, पेपरातून डोकं न काढता ओरडतात, "लागलं नाही ना गं?" वरून उत्तर येतं, "नाही, बाबा!" मग हाताला खडूची पूड लावून झटकल्याची टाळी, मग शांतता. त्या शांततेत माझे हात परातीत थांबतात. पुन्हा धप्प झालं की चालू होतात.

बंगळूरच्या जे. पी. नगरातलं हे घर आम्ही नोकरीत असताना बांधलं. दोघंही सरकारी विमान कारखान्यात होतो, हे डिझाइनला, मी मटेरियल टेस्टिंगला. पुण्याहून आलो तेव्हा दोन वर्षांत परत जायचं होतं. कशाचं काय! आता भाजीवाला मला अक्का म्हणतो आणि मी त्याला "स्वल्प कमी कर रे" म्हणते. माझं काम म्हणजे धातूचा तुकडा यंत्रात धरायचा, मोडेपर्यंत ताणायचा, आणि मोडला की कुठे मोडला, का मोडला ते बघायचं. जन्मभर हेच केलं. घरात त्याचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, झालाही नाही.

आशय आमचा एकुलता एक. कॉलेजात असताना मित्रांबरोबर रामनगरच्या खडकांवर चढायला जायला लागला आणि मग रविवारी घरात दिसेनासाच झाला. पुढे त्याने गच्चीवर लोखंडी सांगाडा ठोकून घेतला, त्यावर प्लायवूड, तेही सरळ नाही, अंगावर झुकणारं. प्लायवूडवर दगडासारखे रंगीत गोळे बोल्टने आवळलेले. त्यांना हे लोक पकडी म्हणतात. मी म्हटलं, "अरे, मी वाळवण कुठे घालू?" हसत म्हणाला, "आई, पापड विकत मिळतात." असा होता. ईरा त्याच टोळक्यातली, तेव्हाही तिथेच होती. लग्नात हळद लावायला गेले तर दोघांच्याही बोटांना चिकटपट्ट्या. भटजी माझ्याकडे बघताहेत, मी भटजींकडे.

आशयचा एक नियम होता. कुठल्याही खडकावरची सगळ्यात अवघड जागा आधी गच्चीवर उभी करायची. फोटो बघून, मापं घेऊन, तशाच अंतरावर तशाच पकडी लावायच्या, आणि तिथे सलग तीनदा जमल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. जॉर्डनच्या वाळवंटातल्या त्या भिंतीसाठीही त्याने तेच केलं. दोन महिने खपत होता. तीनदा जमलं त्या दिवशी मी शिरा केला होता.

तिकडे गेल्यावर पाऊस पडला. वाळवंटात पाऊस! दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. आता रामनगरला पावसानंतर ही पोरं काय करतात, तर ऊन पडलं की दगडाला तळहात लावतात. तळहात कोरडा, तर दगड कोरडा, चला चढा. तिथला ग्रॅनाइट, त्याच्या आत पाणी जातंय कुठे? बंगळूरची सगळी पोरं असंच शिकलेली. वाळवंटातला तो दगड म्हणजे घट्ट बसलेली वाळू. वरून तासाभरात सुकतो, आतून दिवसच्या दिवस ओला राहतो, आणि ओला असताना बिस्किटासारखा तुटतो. आशयने तळहात लावला. कोरडा लागला. जिने ओव्हनमध्ये वाळवल्याशिवाय आणि वजन केल्याशिवाय एक नमुना कधी यंत्रात घातला नाही, तिच्या पोटचा पोर, आणि त्याने तळहात लावून बघितलं! याचा मला आजही इतका राग येतो की तो समोर असता तर मी त्याला फोडून काढला असता.

अवघड जागी तो पोचला होता. डोक्यावरच्या फटीत त्याने लोखंडी पाचर बसवून दोर अडकवलाही होता. तेवढ्यात हाताखालची पकड तुटली. तो झोका खाऊन बाजूला गेला, दोर एका धारेवर घासला आणि तुटला. खाली, भिंतीतल्याच एका कपारीत, दोराचं दुसरं टोक ईराच्या हातात होतं. बाकीचं मला माहीत आहे, पण मी ते बोलत नाही.

तिथल्या लोकांनी दोघांना खाली आणलं. आशय पेटीतून घरी आला. दोराचा वरचा तुकडा मात्र फटीत अडकून तिथेच लटकत राहिला, पिवळाधमक. तो दोर काढायला ईराला परत जायचं होतं. म्हणून रोजचं हे धप्प.

परत आल्यावर, दिवस-वार झाल्या झाल्या, ती ॲलन की घेऊन गच्चीवर गेली. ॲलन की म्हणजे बोल्ट फिरवायची षट्कोनी कांडी. तिने प्लायवूडवरची ती एक पकड काढून टाकली. तिकडे जी तुटली ती. आता तिथे फक्त बोल्टचं भोक होतं. त्या मोकळ्या जागेच्या खालून उडी मारायची आणि वरची, दोन बोटं जेमतेम मावतील अशी चपटी पकड उजव्या हाताने झेलायची, असा तो प्रकार. तिकडे आता तसंच करावं लागणार होतं, कारण मधलं काही उरलंच नव्हतं.

पुण्याहून तिची आई दर आठवड्याला फोन करायची. "ईरा, ये गं आता घरी. तिथे कोणासाठी राहिली आहेस?" मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. ईरा म्हणायची, "एवढं झालं की बघू." या 'बघू'वर मी हातातली भांडी जरा जोरात आपटायचे.

एका रविवारी बसवंत आला. हा निपाणीचा, राजाजीनगरला मावशीकडे राहतो, आशयच्याच टोळक्यातला. ईरा गेली तर दोर धरायला हाच जाणार होता. मी चहा ठेवला. तो मोबाइलमध्ये काहीतरी ईराला दाखवत होता आणि मी आल्याबरोबर त्याने तो उलटा करून ठेवला.

"काय आहे ते?" मी म्हटलं.

"काय नाही ओ काकू. असंच."

"बसवंत, मी सहा फुटी वेल्डरांची बोबडी वळवलेली बाई आहे. दाखव."

त्याने ईराकडे पाहिलं. ईरा म्हणाली, "दाखव त्यांना."

कोणा परदेशी माणसाने त्या भिंतीचा फोटो टाकला होता. तांबडा खडक, आणि वरच्या बाजूला एक बारीक पिवळी रेघ. खाली त्याने पुढच्यांसाठी वाट लिहून ठेवली होती. बसवंतने मराठीत सांगितली. "फटीतून सरळ वर या. इंडियन दोर दिसला की उजवीकडे वळा."

"इंडियन दोर?"

"तसंच म्हणतात ओ काकू तिकडं. मधली पकड गेली की नाही, आता सरळ कोण जाईना झालंय. सगळे तिथनं उजवीकडं वळतात."

माझ्या मुलाचा दोर, तो लोकांना वळण सांगायला! मला वाटलं हातातली कपबशी भिंतीवर फेकावी. फेकली नाही, कारण पुसायला मीच.

"तरी जाऊ नकोस," मी ईराला म्हटलं. तिथेच, बसवंतच्या समोर. "नायलॉन आहे तो. नायलॉनला ऊन खातं. चार-पाच वर्षांत आपोआप कुजून पडेल. मी लिहून देते."

"तोवर लोक वळत राहतील, आई."

"वळू देत! वरून नाही का कोणाला सोडता येत?"

"वरून उतरलं की भिंत आत जाते, हात पोचत नाही. खालूनच जावं लागतं."

"मग राहू दे लटकत. मला दोर नकोय. दोराने मी काय करू? मला तू हवी आहेस, कळतंय का तुला? एक गेला. मी दुसऱ्यांदा विमानतळावर पेटी घ्यायला जाणार नाही. मला नाही जमणार."

ईरा उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिची बोटं खरबरीत लागतात. "आई, मी डोळे मिटले की तो दोर दिसतो," ती म्हणाली. "आशय दिसत नाही. लग्नातला नाही, घरातला नाही, काही नाही. फक्त दोर. तो तिथे आहे तोवर मला दुसरं काही दिसणारच नाही."

हे खिडकीतून बाहेर बघत होते. बसवंतने चहा गार करून प्यायला.

फेब्रुवारी लागला तशी शांतता वाढायला लागली. एके दिवशी वरून धप्प यायला इतका उशीर झाला की माझी पोळी तव्यावर करपली. मग पडल्याचा आवाज आला तोही निराळा, दोन्ही पाय टेकून उडी मारल्याचा. म्हणजे पकड झेलून, वर जाऊन, ती मुद्दाम खाली उतरली होती. पुन्हा तसाच आवाज. तिसऱ्या वेळी धप्प आला, पाठीवर पडल्याचा, आणि मी पुढची पोळी लाटायला घेतली. हे बाहेरून ओरडले, "लागलं नाही ना गं?" त्यांचा आवाज कापत होता. त्यांनाही आवाजातला फरक कळत होता तर! इतके महिने मला वाटत होतं, हा माणूस नुसता पेपर वाचतोय.

त्याच दिवशी ईरा ऑफिसला गेल्यावर मी तिच्या टेबलावरून ॲलन की घेतली, स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं आणि गच्चीवर गेले. ठरवून गेले. लपवायचं काय त्यात? वरची ती चपटी पकड फार फिरवायची नव्हती. आडवी कड थोडी जरी खाली कलली तरी बोटांना मिळणारा आधार किती कमी होतो ते मला कागदावर मांडून दाखवता आलं असतं. डोळ्याला कळू नये इतकंच. मी स्टुलावर चढले, तर स्टूल डगमगलं. खालून कोणीतरी ते घट्ट धरलं. बघते तर हे. गुडघेदुखीने एकेक पायरी चढणारा माणूस कधी वर आला कळलंही नाही.

मला वाटलं, आता ओरडणार. मी बोल्ट ढिला केला, पकड फिरवली, पुन्हा आवळला. हे मान वर करून बघत होते.

"स्वल्प आणखी," ते म्हणाले.

मी आणखी फिरवली. खाली उतरले. आशय गेल्यापासून आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. मग मी खाली येऊन आमटीला फोडणी दिली.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत. धप्प. धप्प. धप्प. मला पोळ्या लाटायला हुरूप आला. मी पुरण घातलं, कोथिंबिरीच्या वड्या केल्या, ईराला आवडतात म्हणून दडपे पोहे केले. शेजारची अम्मा कुंपणावरून विचारते, "काय अक्का, वर काम चाललंय का?" मी म्हणते, "हो, चालू आहे, बरेच दिवस चालेल." यांनी तर मार्चअखेरीला म्हैसूरला जाऊन येऊ असा बेत काढला, तिघांनी. मार्च संपला की तिकडे ऊन चढतं, दिवाळीपर्यंत कोणी त्या भिंतीकडे फिरकत नाही, हे त्यांनी कुठूनसं वाचून ठेवलं होतं. दिवाळीपर्यंतचं कोणी पाहिलंय? तोवर विसरेल, रमेल, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. एकमेकांना म्हणजे, मी बोलायचे आणि हे मान हलवायचे.

ईराच्या बोटांची सालं निघत होती. रात्री जेवणं झाली की मी वाटीत साजूक तूप कोमट करायचे आणि तिची बोटं धरून लावायचे. ती मुकाट्याने हात पुढे करायची. एकदा पकड झेलायच्या त्या दोन बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं, आणि हे रक्त कोणी काढलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

"सोडून दे गं बाई," मी म्हटलं. "शरीर सांगतंय ना नाही जमत म्हणून."

"पोचतोय हात, आई. टिकत नाही."

"मग तेच!"

ती हसली. आशय गेल्यावर ती इतकं कमी हसायची की मला ते हसू बघून बरं वाटलं. त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

मार्च अजून लागायचा होता. मी कणीक मळत होते. वरून टाळी वाजली, मग शांतता. मी थांबले. मग दोन्ही पायांवर उतरल्याचा आवाज. मी मनात म्हटलं, असू दे, एकदा होतं कधीतरी चुकून. पुन्हा टाळी. पुन्हा दोन्ही पाय. बाहेर पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. आता पडेल. मी परातीत हात घालून उभी होते आणि पुटपुटत होते, पड गं, पड, पड, पड ना माझे आई. देवाशी बोलणं बंद होतं तरी त्यालाही म्हटलं, पाड तिला.

दोन्ही पाय टेकले. आवाज इतका हलका होता की जेमतेम ऐकू आला. हे काही ओरडले नाहीत.

ईरा खाली आली. कोपरापर्यंत पांढरी झालेली. हातात ॲलन की. ती तिने ओट्यावर, पोळपाटाशेजारी ठेवली.

"आई, वरची पकड तुम्ही फिरवलीत ना?"

माझे कणकेचे हात तसेच. हे दारात येऊन उभे राहिले. "मीही होतो," ते म्हणाले. "स्टूल मी धरलं होतं."

"माहीत आहे मला. दुसऱ्याच दिवशी कळलं. आशयने प्रत्येक पकडीवर मार्करने रेघ मारली आहे, अर्धी पकडीवर, अर्धी प्लायवर. पकड हलली की रेघ तुटते."

रेघ! नमुन्यावरच्या खुणा बघण्यात माझा जन्म गेला आणि माझ्याच पोराने मारलेली रेघ मला दिसली नाही. मी म्हटलं, "मग सरळ का नाही केलीस? मला ओरडायचंस. भांडायचंस. चांगली कडकडून भांडायचंस ना!"

"ओरडणारच होते. मग विचार केला, तिकडची ती पकड खरंच कशी आहे, ते कोणी पाहिलंय? खालचा दगड तुटला तेव्हा वरचंही काही निघालं असेल. फोटोत कळत नाही. मी ती सरळ आहे असं धरून चालले होते, जशी आशयने धरली होती. तुम्ही फिरवलीत तेव्हा लक्षात आलं, वाईटातली वाईट धरून तयारी करायला हवी." तिने माझे कणकेचे हात आपल्या पांढऱ्या हातात घेतले. "सरळ पकडीवर गेले असते तर कदाचित पडले असते, आई. आता नाही पडणार."

मला हसावं की रडावं कळेना. मी जिला अडवायला निघाले तिलाच मी तयार केलं होतं, रोज तूप लावून. मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. "जा, मर जा तिकडे," असंही म्हटलं असणार, कारण हे मध्येच माझं नाव घेऊन, "कल्पना!" म्हणून ओरडले. ईरा हात धरून उभी राहिली. माझं बोलून झाल्यावर तिने मला विचारलं, त्या दगडाचं काय करायचं, सांगा.

मग मी सांगितलं. दुसरं काय करणार? पाऊस पडला तर तळहात लावायचा नाही. पायथ्याशी खणायचं, कोपरभर खोल, आत ओल लागली तर थांबायचं. तिथल्या लोकांना विचारायचं, ते थांबा म्हणाले तर थांबायचं, तिकीट जळलं तर जळलं. तिने सगळं ऐकून घेतलं. आशयला मी कधी सांगितलं नव्हतं, त्याने विचारलंही नव्हतं.

ती गेली. बसवंत न्यायला आला तेव्हा माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, माझ्या हातातनं दोर सुटायचा नाही बघा." मी म्हटलं, सरी, बरं, जा आता.

तिकडे गेल्या गेल्या पाऊस लागला. बसवंतच्या फोनवरून ईराचा निरोप आला, 'खणून पाहिलं. ओलं आहे. थांबतोय.' दुसऱ्या दिवशी तोच निरोप. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी 'आत कोरडं आहे. उद्या.' मग काही नाही. त्या उद्याच्या दिवशी मी चूल पेटवली नाही. हे फोन मांडीवर घेऊन बसले होते, आणि मी त्यांच्या समोर. संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला.

"आई, झालं. दोर काढला."

यांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंडावर हात धरून रडायला लागले. मी वेड्यासारखी एकच विचारत होते, लागलं नाही ना, लागलं नाही ना. ती म्हणाली, नाही, काही नाही. पकड कललेलीच होती, तुम्ही फिरवलीत तशीच. दोर हातात आला तर उन्हाने पार विटलेला. तिथल्या माणसाला दिला, तो बकऱ्यांच्या कुंपणाला बांधतो म्हणाला. मी म्हटलं, बरं केलंस, फार बरं केलंस. माझ्या डोक्यात तेवढ्यात जेवणाचा बेतसुद्धा सुरू झाला होता, परवा येईल, पुरणपोळी करू, बसवंतलाही थांबवून घेऊ.

"आई," ती म्हणाली, "मी मुंबईला उतरतेय. तिथून पुण्याला जाईन."

"जा ना. आईला भेटून ये. किती दिवस?"

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता.

"ईरा, किती दिवस?"

"काम तिथूनही करता येईल. आई, मला आशय दिसला. वर असताना. हसत होता, त्या पापडांच्या वेळी हसला होता तसा." ती रडत होती. "दोर होता तोवर मला तुमच्या घरातून पाय काढता येत नव्हता. आता निघायला हवं. माझी खोली तशीच ठेवू नका. आवरून टाका. प्लीज."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणायचं असतं? ती जिवंत होती. अर्धं मागणं पुरं झालं होतं, उरलेल्या अर्ध्यासाठी हुज्जत घालायला मला तोंड नव्हतं. फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, "कधी येतेय?" मी म्हटलं, "बघू म्हणाली." खरं सांगायची हिंमत झाली नाही. ते उठले आणि कॅलेंडरवर म्हैसूरचा दिवस बघायला लागले.

तिकडे आता आशयचं काही नाही. लोक म्हणे सरळ जायला लागतील. इथेही नाही.

काल सकाळी मी कणीक मळायला घेतली ती सवयीने तिघांची भिजवली. बाहेर पेपरची पानं उलटल्याचा आवाज. वरून काही नाही. मी मळत राहिले. काही नाही. असं किती वेळ मळत होते कोण जाणे, कणीक पार सैल झाली. मग हात न धुताच मी स्टूल उचललं आणि गच्चीवर गेले.

गाद्या तशाच पसरलेल्या होत्या. मी स्टुलावर उभी राहून ती वरची पकड धरली. आशयची रेघ आता मला स्पष्ट दिसली, तुटलेली. अर्धी इथे, अर्धी तिथे. दोन्ही हातांच्या बोटांनी पकड घट्ट धरली आणि पायाने स्टूल सारलं. साठी उलटलेल्या बाईने करायचं काम नव्हे ते. बोटं तिथे क्षणभरही टिकत नाहीत. आणि ही पोर यावर इतके दिवस लटकत होती, माझ्यामुळे.

मी पाठीवर पडले. धप्प.

"लागलं नाही ना गं?" खालून यांचा आवाज आला.

मी उत्तर दिलं नाही. वर आभाळ नुसतं पांढरं होतं. खाली खुर्ची सरकली, पेपर टाकून दिल्यासारखं झालं, आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली. एकेक पायरी थांबत चढणारा हा माणूस भराभर वर येत होता.

"ईरा? ईरा, आलीस? कधी आलीस गं?"

मी गादीवर तशीच पडून राहिले. ते वर पोचेपर्यंत त्यांना काय सांगायचं, ते मला सुचेना.